भोकरदऱ्याचा पाट

मल्लूआबांनी नकाशा उलटा धरला होता.

उत्तर खाली आणि दक्षिण वर. मी हसू दाबत म्हटलं, "आबा, उलटा धरलाय तुम्ही."

"उलटा कसा? तळं माज्या फुड्यात, डोंगर समूर. मी रोज असाच हुबा ऱ्हातो की." असं म्हणून त्यांनी नकाशा तसाच माझ्या टेबलावर पसरला, उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर स्वतःची टोपी ठेवली आणि वाकून त्यावर बोट फिरवू लागले.

मी तेव्हा निंबोडे नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात ट्रेसर होते. साल एकोणीसशे शहाण्णव, माझं वय चोवीस. आलेले नकाशे स्वच्छ शाईत उतरवून काढायचे, एवढंच काम. पण त्या वर्षी वरून एक हुकूम आला होता. प्रत्येक गावानं आपल्या पिण्याच्या पाण्याचा उगम राखण्यासाठी आराखडा करायचा. निंबोडं थोरल्या तलावाचं पाणी पीत होतं. तेव्हा ज्या ज्या जमिनीवरचा पाऊस वाहत वाहत थोरल्या तलावात येतो, ती सगळी जमीन नकाशात एका रेषेच्या आत घ्यायची. रेषेच्या आत खाण नको, वीटभट्टी नको, प्लॉट पाडायचे नाहीत, कचरा टाकायचा नाही. रेषेच्या बाहेर काय वाटेल ते करा.

ती रेष मी काढली होती. सरकारी नकाशावरच्या उंचीच्या वेड्यावाकड्या रेघा वाचत, डोंगराच्या माथ्यामाथ्यानं, तीन आठवडे मान मोडून. नगर अभियंता सोनटक्के साहेब कुणाला सहजासहजी बरं म्हणणारे नव्हते. त्यांनी नकाशा खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि म्हणाले, "ठोंबरे, तुमच्या हातात रेष आहे." त्या दिवशी मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. संध्याकाळी खोलीवर जाऊन मी आईला कराडला पत्रसुद्धा लिहिलं, त्या एका वाक्याबद्दल.

आणि आता हा साठीला टेकलेला माणूस टोपी ठेवून माझी रेष तपासत होता. मल्लूआबा म्हणजे नगरपरिषदेचे पाटकरी. पगारपत्रकावर 'मजूर, पाणीपुरवठा' असं लिहिलेलं असे. त्यांचे वडीलही पाटकरीच होते. ते नेमकं काय काम करतात हे ऑफिसात कुणालाच धड ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. खांद्यावर खोरं टाकून सकाळी डोंगराकडे जाताना दिसायचे, इतकंच.

"बाई," त्यांनी शेवटी मान वर केली, "ह्यात पाट न्हाई."

"कुठला पाट?"

"भोकरदऱ्याचा. तळ्यात निम्मं पानी ज्यानं येतं त्यो."

मला खरंच हसू आलं. "आबा, भोकरदरा डोंगराच्या पलीकडे आहे. तिकडचं पाणी तिकडेच उतरणार. हे बघा, या रेघा जवळ जवळ आल्या म्हणजे चढ. हा माथा. माथ्याच्या अलीकडचं पाणी आपलं, पलीकडचं पलीकडच्या गावाचं." मी अगदी शाळामास्तरणीच्या थाटात समजावून सांगितलं. तो माझा आवाज आता आठवला की स्वतःच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

आबांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग टोपी उचलून झटकली, डोक्यावर ठेवली.

"आसंल. उद्या सकाळी सातला चला माज्यासंगं. चपला नगंत, बूट घाला. काटं हायेत."

*

जावं असं माझ्या मनात नव्हतं. पण म्हाताऱ्याला दुखवायला नको आणि आपण म्हणतो तेच खरं हे त्यालाही एकदा दिसेल, म्हणून गेले. मार्चची सकाळ होती. आबा पुढे, मी मागे. त्यांना धाप लागत नव्हती आणि मला बोलायला श्वास उरत नव्हता, त्यामुळे बोलत तेच होते.

"वरच्या पेठंत चाळीस घरं. पाडवा झाला की मी दारादारात जाऊन सांगतो, उद्या पाट उपसायचा. घरटी एक माणूस येतंच. गाळ काढायचा, ढासळल्याली दगडं लावायची, काट्या तोडायच्या. एक दीस. दुपारी बाया भाकरी घिऊन वर येत्यात."

"नगरपरिषद काय देते त्याचं?"

"काय द्यायचंय? पानी पेतोय की."

"आणि एखादा आला नाही तर?"

आबा थांबले आणि वळून माझ्याकडे पाहिलं. असा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नसावा. "न यायला काय झालं?" म्हणाले आणि पुन्हा चालू लागले.

माथ्याच्या जरा खाली एक खिंड होती. माझ्या नकाशात ती होती, बरोबर त्याच जागी, आणि तिच्यावरून माझी रेष सुबक वळण घेऊन गेली होती. करवंदीच्या जाळ्या बाजूला सारत आबा आत शिरले. मी मागोमाग गेले आणि थांबले.

खिंडीतून छातीइतका खोल चर खोदलेला होता. दोन्ही अंगांना दगड रचलेले, काळे पडलेले, सांध्यांत शेवाळ धरलेलं. माणसांनी हातांनी डोंगराची कड कापून पलीकडच्या दरीतला ओढा अलीकडे वळवला होता. वरून पाहिलं तर जाळ्यांखाली काही दिसू नये. सरकारी नकाशावर उंचीच्या रेघा होत्या, पण दीड हात रुंदीचा चर त्यात कुठून यायचा? आणि त्या चरातून, मार्च महिन्यात, बोटभर जाडीचं पाणी थोरल्या तलावाकडे चाललं होतं.

"कुणी काढला हा?" मी विचारलं.

"ठावं न्हाई. माज्या आज्याच्याबी आदी. पन ढाळ बघा कसा राखलाय. कुटं पानी थांबत न्हाई, कुटं पळत न्हाई." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की जणू तो ढाळ त्यांनीच काल धरला होता. मग ते खाली बसले, ओंजळ भरून पाणी प्यायले आणि मलाही प्या म्हणाले. मी प्यायले. गार होतं.

"हे बाहीर ऱ्हायलं तर काय हुईल, बाई?"

"भोकरदऱ्यात कुणालाही काहीही करता येईल. खाण काढा, काहीही करा."

"आनि त्ये समदं ह्यातनं तळ्यात."

"हो."

"मग?"

"मग काय, नकाशात घेते," मी म्हणाले. आणि ते मी मनापासून म्हणाले होते. हे मला आजही ठामपणे सांगता येतं, आणि त्याचा काही उपयोग नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा ऑफिसात हजर. पाट नकाशात कसा दिसतो ते त्यांना पाहायचं होतं.

नकाशाचं मूळ ट्रेसिंग साहेबांच्या लोखंडी कपाटात होतं. त्याच सकाळी मुख्याधिकाऱ्यांची सही होऊन ते आत गेलं होतं. माझ्याकडे होती ती त्याची छापील प्रत, निळसर रेघांची. हाताशी निळं पेन होतं. मी आबांच्या देखत प्रतीवर खिंडीतून पाट ओढला, तलावापर्यंत आणला, आणि भोकरदऱ्याच्या भोवतीनं नवी सीमा फिरवली. मूळच्या रेघांत ती अशी मिसळून गेली की ओळखू येऊ नये. हातात रेष होतीच ना माझ्या.

आबांनी प्रत फिरवून तलाव आपल्याकडे घेतला. बराच वेळ पाहिलं. पाटावरून बोट चालवत खिंडीपर्यंत गेले आणि परत आले.

"ह्योच सरकारात जानार?"

"हो, आबा. मूळ नकाशात घेतला की हाच."

'घेतला की' हे शब्द त्यांनी ऐकले की नाही, कोण जाणे. मी ते जरा घाईतच म्हटले होते.

मूळ ट्रेसिंग दुरुस्त करायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. ब्लेडनं जुनी शाई खरवडायची, सीमा नव्यानं काढायची, क्षेत्रफळ पुन्हा मोजायचं, अहवालातले आकडे बदलायचे, मुख्याधिकाऱ्यांची सही परत घ्यायची. तेही केलं असतं, कष्टाला मी कधी मागे हटले नाही. पण त्याच्या आधी कपाटाची किल्ली मागावी लागणार होती आणि साहेबांना सांगावं लागणार होतं, की तुम्ही जिची तारीफ केलीत ती रेष चुकली आहे. मी टेबल सोडून एकदाही डोंगरावर गेले नाही आणि एका मजुरानं माझी चूक दाखवली.

हे एवढंसं वाक्य माझ्या तोंडातून निघेना. सोमवारी साहेब पुण्याला बैठकीला गेले होते. मंगळवारी ते चिडलेले होते. बुधवारी बरे होते, पण तेव्हा नगराध्यक्ष बसलेले. मी रोज सकाळी ठरवून जायची आणि रोज संध्याकाळी आज नको, उद्या, असं म्हणत परतायची. आराखड्यावर लोकांच्या हरकती घ्यायला तीस दिवसांची मुदत होती. मला वाटायचं, भरपूर वेळ आहे.

मुदत संपायला पाच दिवस उरले असताना आबा पुन्हा आले. या वेळी हातात एक कागद होता. पेठेतल्या गुरुजींकडून लिहून घेतलेला हरकतीचा अर्ज, खाली चाळीस घरांच्या सह्या आणि अंगठे.

"कुटं द्यायचा ह्यो?"

अर्ज आवक-बारनिशीच्या वहीत चढला असता, तिथून थेट साहेबांच्या टेबलावर गेला असता. साहेबांनी विचारलं असतं, 'ठोंबरे, हा पाट काय प्रकार आहे?' आणि मी सांगायच्या आधीच सगळं उघडं पडलं असतं.

"कशाला, आबा?" मी म्हणाले. "नकाशात घेतलाय की. तुम्ही स्वतः पाहिलात."

"व्हय, बगितलाय. पन गुर्जी म्हनले, तरीबी द्यावा."

"अर्ज दिला की चौकशी लागते. अधिकारी येतात, मंजुरी लांबते. उगाच फाटे कशाला फोडायचे?"

आबा विचार करत उभे राहिले. मी दुसऱ्या एका नकाशावर मान घालून काम असल्याचं दाखवत होते. शेवटी त्यांनी अर्जाची चार पदरी घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवली.

"बरं. तुमी म्हनताय तर." दारापर्यंत गेले आणि वळले. "पेठंत सांगतो, बाईंनी पाट धरला म्हनून."

ते गेल्यावर मला हायसं वाटलं. इतक्या वर्षांनंतर मला सगळ्यात जास्त लाज त्या हायसं वाटण्याची वाटते.

त्यानंतरच्या पाच दिवसांतही मी साहेबांकडे गेले नाही. सहाव्या दिवशी शिपायानं ट्रेसिंग नळकांड्यात घालून जिल्ह्याला धाडायला नेलं. मी खिडकीतून त्याची सायकल वळणाआड जाताना पाहिली आणि टेबलाशी येऊन बसले.

*

आराखडा मंजूर झाला. पावसाळा सरता सरता नगरपरिषदेला कचरा टाकायला नवी जागा हवी होती. रेषेच्या आत चालणार नव्हती, रेषेच्या बाहेर हवी होती. भोकरदरा गायरान होता, कुणाच्या मालकीचा नव्हता, रस्ताही जवळ होता. एकमतानं ठराव झाला. त्या कचरा डेपोचा स्थळदर्शक नकाशा माझ्याच टेबलावर आला आणि मी तो काढला. उत्तर वर, दक्षिण खाली, अक्षरं सुबक.

तेव्हा तरी बोलायचं, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणते. पण एकदा वेळ मारून नेली की पुढच्या वेळी ती मारून नेणं जास्त सोपं होतं.

दसऱ्याला कचऱ्याचे ट्रॅक्टर सुरू झाले. जानेवारीत एका सकाळी आबा ऑफिसात आले ते थेट साहेबांच्या केबिनमध्ये. मी आत एका फाईलवर टिपणं घेत बसले होते. आबांनी काचेची बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली. आत चहाच्या रंगाचं पाणी होतं आणि बूच काढल्याबरोबर अशी घाण सुटली की साहेब खुर्चीत मागे सरले.

"काय आहे हे?"

"तळ्यात चाललंय त्ये, साहेब. भोकरदऱ्याच्या वढ्यातनं."

"भोकरदऱ्याचं पाणी आपल्या तलावात येतच नाही."

"येतं. पाटानं येतं. नकाशात हाय की. काढा नकाशा."

साहेबांनी किल्ली काढली, कपाट उघडलं. मंजूर होऊन परत आलेलं मूळ ट्रेसिंग टेबलावर पसरलं. आबांनी ते फिरवून घेतलं. त्यांचं बोट तलावापासून निघालं, खिंडीपाशी गेलं आणि तिथे थांबलं. तिथे काही नव्हतं. ते आणखी वाकले. कागदाला डोळे टेकवावेत इतके वाकले.

मग सरळ होऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीकडे पाहत होते.

"नकाशात तर नाही," साहेब म्हणाले. "बरं, आपण हरकती मागवल्या होत्या. मुदतीत एक तरी अर्ज दिला होता का तुम्ही लोकांनी?"

आता आबा सांगणार, असं मला वाटलं. दिला होता, पण ह्या बाईंनी परत धाडला, असं ते म्हणणार. त्या अर्ध्या मिनिटात मी मनातल्या मनात सामान बांधून कराडला पोचलेसुद्धा.

"न्हाई, साहेब," आबा म्हणाले. "ऱ्हायलं त्ये. आमचंच चुकलं."

आणि ते बाटली तिथेच ठेवून निघून गेले.

साहेबांनी पंखा बंद केला आणि मला दार लावून घ्यायला सांगितलं.

"ठोंबरे, हरकतीची मुदत गेली. त्या वाटेनं आता काही होत नाही. पण नकाशातच चूक असेल, तर गोष्ट वेगळी. मग मी आजच्या आज शुद्धिपत्रक पाठवतो. सीमा दुरुस्त झाली की डेपो हलवावाच लागेल त्यांना, नगराध्यक्षांना आवडो न आवडो. फक्त नकाशा काढणाऱ्यानं एक ओळ लिहून द्यायला हवी. जागेवर पाट आहे, माझ्याकडून दाखवायचा राहिला. तुम्हाला एखादा मेमो मिळेल. बाकीचं मी बघून घेईन." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "राहिलाय का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर कदाचित मी रडून सगळं ओकले असते. त्यांचा आवाज विश्वासाचा होता आणि तो विश्वास मला हातचा घालवायचा नव्हता.

"नाही, सर," मी म्हणाले. "मला तिथं पाट असल्याचं माहीत नाही."

"तुम्ही पाहिलेला नाही?"

"नाही."

साहेबांनी चष्मा लावला आणि ट्रेसिंग गुंडाळून नळकांड्यात घातलं. "ठीक आहे. या तुम्ही."

मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते, मार्चमध्ये हुकूम निघायचा होता. पुढे कधी हा विषय मनात आला की मी स्वतःला तेच कारण देत असे. घरची परिस्थिती, वडील नाहीत, धाकटी बहीण. सगळं खरं होतं. पण त्या खुर्चीत बसून मी खोटं बोलले ते बहिणीसाठी नाही. 'तुमच्या हातात रेष आहे' हे वाक्य माझ्याजवळून कुणी काढून घेऊ नये म्हणून बोलले. नुसत्या मेमोनंसुद्धा ते गेलं असतं.

मार्चमध्ये मी कायम झाले. त्याच हातावर पुढे अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, बढत्या घेतल्या. निंबोड्याला आता सत्तर किलोमीटरवरच्या धरणातून पाइपानं पाणी येतं, पाचव्या दिवशी, पाऊण तास. थोरला तलाव दिवाळीलाच तळ दाखवतो. काठावर नगरपरिषदेनं बाकडी टाकली आहेत. संध्याकाळी लोक येऊन बसतात आणि पूर्वी हे कसं काठोकाठ भरायचं याच्या गोष्टी सांगतात. मी त्या बाजूला जात नाही.

*

मी कायम झाले त्याच वर्षी, मे महिन्यात आबा माझ्या टेबलापाशी आले. मधल्या काळात पेठेत त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, की बाईंनी पाट काढला होता, वरच्या लोकांनी खोडला. मला भाजी घेताना बायका थांबवायच्या, 'तुम्ही लई केलंसा' म्हणायच्या. मी मान हलवायची.

"उद्या पाट बुजवतोय," आबा म्हणाले. "सकाळी या."

"बुजवताय?"

"मग काय करू? घान पाजू गावाला? निम्मं पानी ग्येलं तर ग्येलं. ऱ्हायल्यालं निम्मं तरी नितळ असू दे."

मी गेले. खिंडीत पेठेतली पंधरा-वीस माणसं उभी होती. फोडलेले दगड, मळलेल्या चिकणमातीचे ढीग, सगळी तयारी होती आणि कुणीही काही करत नव्हतं. कुणी तंबाखू मळत होता, कुणी उगाच काटे तोडत होता. पाट कोरडा होता. तळाशी ओघळलेल्या घाणीची काळी पुटं वाळून फुटली होती.

मी आबांना जरा बाजूला घेतलं. चार महिने जे घशात अडकलं होतं ते अर्धं तरी बाहेर काढायचं, असं रात्रभर ठरवून आले होते.

"आबा, तो नकाशा कुणी खोडला नाही."

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"साहेबाच्या टेबलावर बगितला तवाच. खोडल्यालं दिसतंय की. नातीची पाटी मी रोज बगतो. तुजा कागुद कोरा हुता."

त्यांनी मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं.

"मग पेठेत तसं का सांगितलंत?" मला रडू यायला लागलं. "साहेबांना का नाही सांगितलंत, की मीच अर्ज देऊ दिला नाही म्हणून?"

"सांगून काय झालं असतं? तुजी नोकरी ग्येली असती. मुदत तर सरल्याली. पाट काय परत आला नसता, पोरी."

आला असता. जानेवारीत, त्या बंद दाराआड, माझ्या एका ओळीनं आला असता. शुद्धिपत्रक म्हणजे काय ते आबांना ठाऊक नव्हतं. साहेबांनी ते सांगितलं तेव्हा ते जिना उतरून गेले होते. त्यांना वाटत होतं, की त्यांनी गेलेल्या गोष्टीपायी एका पोरीला वाचवलं. ती गोष्ट तेव्हा गेलेली नव्हती. हे त्यांना सांगणारं जगात एकच माणूस होतं आणि ते त्यांच्यासमोर पदर तोंडाला लावून उभं होतं.

मी सांगितलं नाही.

आबांनी एक दगड निवडून उचलला. चांगला चौकोनी, दोन हातांत मावेल असा. तो त्यांनी माझ्यापुढे धरला.

"धर. पयला तू ठेव."

"मी? मी कशी ठेवू, आबा?"

"ह्यातलं एकबी माणूस पयला दगुड ठिवाया तयार न्हाई. तासभर झाला, नुसती हुबी हायती. समद्यांनी ह्यातला गाळ काडलाय गं, आज्यापास्नं. हात रेटंना त्यांचा. माजाबी रेटंना." त्यांनी नाक पुसलं. "तू बाहीरची. तुला जमंल."

सगळे माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, उलट एक आर्जव होतं, की तुमच्यानं होईल तर सुटू आम्ही. मी दगड घेतला आणि साडी सावरत पाटात उतरले. खाली वाकले आणि दगड तळाशी ठेवला.

"वाईच डावीकडं," आबा वरून म्हणाले. "तितं जोर असतो पान्याचा."